गोधडीचा कच्चा टाका : वाया न जाणारा दोरा

पाऊस सरला की घरोघरी ट्रंका उघडतात. जुनी लुगडी, विरलेली धोतरे, मुलांना आखूड झालेले सदरे, पडद्यांचे तुकडे बाहेर निघतात. थंडीच्या आत गोधडी झाली पाहिजे, अशी घाई असते. आपल्या भगिनी दिवसभर कामावर जातात, संध्याकाळी घरचे आवरतात आणि रात्री जेवणे झाल्यावर सुई हातात घेतात. त्यांचा वेळ मोलाचा असतो. म्हणून गोधडीतले एक काम बऱ्याच जणी टाळतात. ते काम म्हणजे सगळे थर एकमेकांना तात्पुरते जोडून घेणे. कुणी त्याला टाचून घेणे म्हणते, तर कुणी कच्चा टाका. शिंपी नुसतेच 'कच्चा मारला' म्हणतो.

हे काम टाळले की काय होते ते मी स्वतः भोगले आहे. म्हणून हा लेख.

माझीच फजिती

माझ्या मुलीला परगावी कॉलेजात प्रवेश मिळाला. वसतिगृहात राहायचे, तिथे थंडी फार. माझी आई जाऊन चार वर्षे झाली होती. तिची दोन लुगडी मी जपून ठेवली होती, एक हिरवे आणि एक अंजिरी. नातीच्या अंगावर आजीचे लुगडे राहील, या विचाराने मी गोधडी घालायला घेतली.

नऊवारी लुगडे म्हणजे सत्तावीस फूट लांब. त्याचे चार भाग केले की प्रत्येक पावणेसात फुटांचा होतो. रुंदी सुमारे चार फूट. म्हणजे एका लुगड्यात एका माणसाच्या गोधडीचे चार पदर बसतात. मी अंजिरी लुगड्याचे चार पदर आत घातले आणि हिरव्याचा एक भाग वर, एक खाली लावला. चार कोपऱ्यांना आणि मधे दोन ठिकाणी टाचण्या टोचल्या आणि काठापासून शिवायला सुरुवात केली. तीन आठवडे रोज रात्री तासभर शिवत होते. वरून गोधडी छान दिसत होती. शेवटी मध्यावर आले तेव्हा वरच्या कापडाचा मोठा फुगा उभा राहिला. उलटून पाहिले, तर खालच्या अंगाला हातभर लांबीच्या तीन चुण्या पक्क्या शिवल्या गेल्या होत्या. आतले पदर एका बाजूला गोळा झाले होते ते वेगळेच.

उसवायला बसले. जुने सूत ते. टाका ओढताना हिरव्या पदराचा काठ वीतभर फाटला. नवे कापड असते तर बाजारातून आणले असते. आईचे लुगडे कुठून आणणार? मी सुई खाली ठेवली आणि रडले.

आमच्या चाळीत एक आजी राहतात. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या गोधड्या शिवून दिल्या. आवाज ऐकून त्या आल्या. गोधडी हाताने चाचपली आणि म्हणाल्या, "पोरी, कच्चा टाका घातला नाहीस ना?"

मी म्हटले, "आजी, शेवटी काढूनच टाकायचा दोरा. म्हटलं, कशाला तीन रात्री घालवायच्या?"

"म्हणून तीन आठवडे घालवलेस," त्या म्हणाल्या. "ऊठ, सगळं उसवू. मी बसते तुझ्याजवळ."

त्यानंतर आजींकडून जे शिकले, आणि नंतर दुसऱ्या बायकांच्या हाताखाली जे पाहिले, ते इथे सांगते.

थर सरकतात का?

सुई कापडातून जाताना वरचा पदर थोडा पुढे ढकलते. एका टाक्याला हे दिसत नाही. पण एका ओळीत शेकडो टाके असतात. प्रत्येक टाक्याचा सुताएवढा ढकला जमत जातो आणि त्याचा शेवटी फुगा होतो. आपण बहुतेक जणी काठापासून चौकोनात फिरत आत जातो. त्यामुळे ढकललेले सगळे कापड मध्यावर येऊन अडकते आणि त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही.

मशीनवर हा त्रास अधिक होतो. मशीनचे खालचे दाते तळचे कापड मागे ओढतात आणि वरचा पाय वरचे कापड अडवून धरतो. दोन्ही कापडे वेगवेगळ्या चालीने जातात. त्यात जुने कापड धुऊन धुऊन मऊ आणि सैल झालेले असते. तिरके ओढले तर ते रबरासारखे ताणते.

आधी तयारी

कोणतीही पद्धत घ्या, पुढील गोष्टी आधी कराव्यात.

सगळी कापडे धुऊन, वाळवून घ्यावीत. न धुतलेले नवे सुती कापड जुन्याच्या जोडीला घातले, तर पहिल्या धुण्यात ते आटते आणि गोधडी आक्रसते. लाल आणि गडद रंगाचे कापड ओले करून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहावे. रंग लागला तर ते वेगळे धुवावे किंवा बाजूला ठेवावे.

विरलेला, जाळी पडलेला भाग कापून टाकावा. थोडा विरलेला भाग आत चालतो, पण वर आणि खाली धड कापडच हवे. आतल्या तुकड्यांच्या जाड शिवणी एकावर एक येऊ देऊ नयेत. तिथे सुई अडते.

खालचे कापड चारही बाजूंनी दोन-तीन बोटे मोठे ठेवावे. शिवता शिवता गोधडी आत ओढली जाते, तेव्हा हे जास्तीचे कापड उपयोगी पडते.

पद्धत पहिली : जमिनीवर लांब टाके

ही आपल्या आया-आज्यांची पद्धत. हाताने शिवायच्या गोधडीला आजही हिच्याइतकी चांगली दुसरी नाही.

जमीन झाडून, पुसून कोरडी करावी. खालचे कापड उलटी बाजू वर करून अंथरावे. काठांवर वजन ठेवावे. पाटा, वरवंटा, भरलेले डबे किंवा कापडात गुंडाळलेली वीट, काहीही चालते. कापड सपाट बसले पाहिजे, पण ताणून धरू नये. ताणलेले कापड वजन काढले की परत आखडते आणि चुण्या पडतात. मग एकेक पदर घालावा. प्रत्येक पदर मध्यापासून काठाकडे तळहाताने सारखा करावा. सगळ्यांत वर गोधडीचे दर्शनी कापड येते.

आता टाके घालायचे. सुरुवात काठापासून नको, मध्यापासून करावी. मध्यावरून वरच्या काठाकडे एक ओळ, मग मध्यावरून खालच्या काठाकडे एक. तशीच डावीकडे आणि उजवीकडे. हा अधिक चिन्हाचा आकार झाला की त्याच्या दोन्ही बाजूंना ओळी वाढवत जायचे. टाका तीन-चार बोटे लांब असावा. दोन ओळींमध्ये सहा इंच अंतर पुरे. अशी जाळी झाली की शेवटी चारही काठांना एक फेरी मारावी.

चार फूट बाय साडेसहा फुटांच्या गोधडीला सहा इंचांच्या जाळीसाठी सुमारे ११५ फूट, म्हणजे ३५ मीटर दोरा लागतो. तो साधा, स्वस्त पांढरा सुती दोरा असावा. शिवणीचा दोरा रंगीत असला की पांढरा दोरा काढताना चटकन दिसतो. पांढऱ्या कापडावर काळा किंवा लाल दोरा घालू नये. तो रंग सोडतो. गाठ मारायची तर वरच्या अंगाला, मोठी मारावी. काढताना गाठ कापली की दोरा सळसळत निघतो. दोरा ओढून घट्ट करू नये. ओढला की तिथे घडी पडते आणि ती शिवली जाते.

या पद्धतीने एका बाईला दोन-तीन रात्री लागतात. दोघी समोरासमोर बसल्या तर एका दुपारी होते. दोष एवढाच, की जमीन मोकळी हवी आणि गुडघे चांगले हवेत. पण एकदा टाचलेली गोधडी गुंडाळून फळीवर ठेवता येते. महिनाभराने उघडली तरी सगळे थर जागच्या जागी मिळतात. जिला रोज अर्धा तासच मिळतो, तिला हा मोठा फायदा आहे.

पद्धत दुसरी : दहा बाय दहाच्या खोलीत

आपल्यातल्या कित्येक जणींचे घर एका खोलीचे असते. तिथे माणसे झोपतात, मुले अभ्यास करतात, स्वयंपाकही तिथेच. सहा फूट जमीन दोन दिवस अडवून कशी चालेल? त्यांच्यासाठी फळीची खाट किंवा टेबल उपयोगी पडते.

खालच्या कापडाचा मध्य खाटेच्या मध्यावर ठेवावा. उरलेले कापड दोन्ही बाजूंना लोंबू द्यावे. फळीच्या कडांना कापड मोठ्या चिमट्यांनी पकडावे. कपडे वाळत घालायचे जाड चिमटे किंवा कार्यालयात कागद धरायला वापरतात ते काळे चिमटे चालतात. त्यावर बाकीचे पदर मध्याला मध्य जुळवून घालावेत. फळीवर आहे तेवढाच भाग टाचावा. मग चिमटे काढून गोधडी सरकवावी, पुढचा भाग सारखा करून पुन्हा पकडावा आणि टाचावा. सरकवताना दर वेळी हात खालून फिरवून पाहावे. खालच्या कापडाची घडी डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळते.

ज्यांची कंबर किंवा गुडघे दुखतात त्यांनाही हे उभ्याने किंवा खुर्चीवर बसून करता येते. जेवणाची वेळ झाली की गोधडी गुंडाळली, खाट मोकळी.

पद्धत तिसरी : सेफ्टी पिना

मशीनवर गोधडी शिवणाऱ्या भगिनींनी पिना वापराव्यात. कच्चा दोरा मशीनच्या टिपेखाली सापडला की नखाने ओढून निघत नाही, कात्रीच्या टोकाने उकरावा लागतो. पीन मात्र सुई जवळ आली की काढता येते. पिनेवरून मशीन कधीही चालवू नये. सुई तुटून डोळ्यात उडू शकते.

पिना किती लागतील याचा हिशेब आधी करावा. चार बाय साडेसहा फुटांच्या गोधडीला सहा इंचांवर एक धरली तर शंभराच्या वर लागतात. चार इंचांवर लावल्या तर सव्वादोनशेच्या वर. मशीनला चार इंचांचे अंतरच बरे. पिना एकदा आणल्या की पुढच्या गोधडीलाही होतात. दोघी-तिघींनी मिळून एक डबा घेतला तर कुणालाच भार होत नाही.

दोन गोष्टींची काळजी घ्यावी. पावसाळ्यात आणि समुद्राकाठच्या दमट हवेत पिना गंजतात आणि गंजाचा डाग सहसा जात नाही. म्हणून पिना लावलेली गोधडी आठवडे-आठवडे ठेवून देऊ नये. दुसरे म्हणजे, तलम आणि विरलेल्या कापडाला पिनेने भोक पडते. आईच्या लुगड्याला पीन नको, दोराच हवा.

साध्या टाचण्यांवर मात्र भिस्त ठेवू नका. त्या गळून पडतात आणि रांगत्या मुलाच्या गुडघ्यात घुसतात. बाळाच्या दुपट्याला तर टाचणी आणि पीन दोन्ही वापरू नयेत. एखादी आत राहिली तर काय होईल ते सांगायला नको. दुपटे लहान असते, दोऱ्याने तासाभरात टाचून होते.

पद्धत चौथी : चिकटवणे

आता कापड तात्पुरते चिकटवण्याचा फवाराही मिळतो. तो मारून थर चिकटवायचे, शिवायचे आणि धुऊन टाकायचे. काम लवकर होते हे खरे. पण यातले बरेचसे फवारे पेट घेणारे असतात आणि त्यांचा वास छातीत जातो. एका खोलीच्या घरात, जिथे शेगडी तिथेच पेटते, तिथे तो वापरू नये. वापरायचाच तर गच्चीवर, मोकळ्या हवेत, नाकातोंडाला फडके बांधून. शिवाय पाच-सहा पदरांच्या जाड गोधडीत प्रत्येक थराला फवारा मारावा लागतो. तो खर्च आपल्याला परवडणारा नाही.

काही जणी कणकेची पातळ खळ लावतात. ती पातळ दुपट्याला ठीक आहे. शिवून झाल्यावर लगेच धुवावी, नाहीतर झुरळे आणि उंदीर तिच्यावर येतात.

कच्च्या टाक्याशिवाय शिवणाऱ्या बायका

कच्चा टाका न घालताही उत्तम गोधडी होते का? होते. कर्नाटकाच्या उत्तर कन्नड भागात सिद्दी समाजाच्या बायका 'कवंदी' शिवतात. त्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करतात. तुकडा ठेवायचा, कडा दुमडायची, शिवायचे, मग पुढचा तुकडा. असे काठाने फिरत मध्यावर येतात. वरचे कापड आधीपासून अखंड नसतेच, ते जागेवर घडत जाते. त्यामुळे ढिले पडलेले कापड पुढचा तुकडा ठेवताना सावरून घेता येते. आपण मात्र वरचा पदर अखंड ठेवतो. म्हणून आपल्याला सावरायला जागा नसते आणि कच्चा टाका घालावाच लागतो.

भिक्खूंची चौकट

हा प्रश्न फार जुना आहे. विनयपिटकात चीवर शिवण्याविषयी बारीकसारीक नियम आहेत. थंडीच्या रात्रींचा विचार करून भगवंतांनी भिक्खूंना दुहेरी संघाटीची अनुज्ञा दिली. दुहेरी म्हटली की दोन थर आले आणि थर आले की ते सरकणार. चुल्लवग्गात 'कठिन' नावाच्या चौकटीचा उल्लेख आहे. तिला दोरीने चीवराचे कापड जागोजागी बांधून मग शिवायचे. शिवण वाकडी जाऊ लागली तेव्हा 'मोघसुत्तक' वापरण्याची अनुज्ञा मिळाली. मोघ म्हणजे फोल, सुत्त म्हणजे सूत. शिवण सरळ जावी म्हणून खुणेपुरता घेतलेला दोरा. सुईने बोटे दुखू लागली, तर बोटात घालायच्या टोपणाचीही अनुज्ञा तिथेच आहे. आपण ज्याला अंगुस्तान म्हणतो तेच हे.

सांगायचे एवढेच की, हाताच्या कामातली अडचण लहान समजून सोडून द्यायची नसते. तिचा विचार करायचा आणि उपाय शोधायचा.

कुणी काय निवडावे?

हाताने शिवायचे असेल, कापड जुने आणि जपायचे असेल, तर दोरा. मशीनवर शिवायचे असेल आणि कापड दणकट असेल, तर पिना. जागा नसेल, गुडघे दुखत असतील, तर खाट आणि चिमटे. बाळाचे असेल, तर दोराच. गोधडी विकायची असेल तरीही दोराच घालावा. गिऱ्हाईक गोधडी हातात घेतल्यावर पहिल्यांदा उलटून पाहते. मागच्या अंगाला एक चुणी दिसली की सगळ्या मेहनतीची किंमत अर्धी होते.

आणि कोणतीही पद्धत घेतली, तरी पक्की शिवण सुरू करण्याआधी गोधडी एकदा पूर्ण उलटून पाहावी. ही दहा मिनिटे माझ्या तीन आठवड्यांहून स्वस्त आहेत.

पुढे काय झाले

आजी आणि मी मिळून माझी गोधडी सगळी उसवली. फाटलेल्या काठावर आजींनी अंजिरी लुगड्याचा उरलेला तुकडा लावला. रविवारी चाळीच्या व्हरांड्यात गोधडी अंथरली. शेजारच्या दोघी आल्या. आम्ही चौघींनी संध्याकाळपर्यंत कच्चा टाका घातला. या वेळी पक्की शिवण सपाट गेली. मध्यावर पोहोचले तेव्हा फुगा नव्हता.

कच्चा दोरा काढायचे काम मुलीला दिले. ती गाठी कापत होती, दोरे ओढत होती आणि गोळा करून ठेवत होती. मला म्हणाली, "आई, एवढा सगळा दोरा फुकट गेला की गं."

आजी दारातच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "फुकट कसा? त्याने सगळ्यांना जागेवर धरलं म्हणून तर हे झालं."

मुलगी आता वसतिगृहात आहे. पहिल्या थंडीत तिचा फोन आला. खोलीतल्या मैत्रिणी विचारत होत्या, अंजिरी ठिगळ का लावले आहे? तिने त्यांना सगळी हकिकत सांगितली. आजीच्या लुगड्याची, आईच्या फजितीची आणि चाळीतल्या आजींची.